बर्फाच्या गावात रात्री हॉटेलवर चालत परतताना (नाशिकहून जाणाऱ्यांसाठी)

सातमाळा (धागाकर्ता)

नाताळ ते शिवरात्र या दिवसांत नाशिकहून गुलमर्ग, मनाली, सोलंग, औलीकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. कुणी स्कीच्या कोर्सला, कुणी हनिमूनला, कुणी सोसायटीच्या सहलीला. दिवसभर गाइड, गोंडोला (रोपवे), घोडेवाले दिमतीला असतात, त्यामुळे दिवसा फारसं बिघडत नाही. बिघडतं रात्री नऊनंतर. जेवण झालेलं असतं, शेकोटीपाशी गप्पा झालेल्या असतात आणि हॉटेल "हे काय, समोरच" असतं. तेवढ्या एक-दीड किलोमीटरसाठी कुणी तयारी करत नाही. या धाग्यात त्या एक-दीड किलोमीटरबद्दलच लिहा. ट्रेकच्या सामानाचे आणि स्की शिकण्याचे धागे वेगळे आहेत.

नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, मनाली २,००० च्या थोडं वर, गुलमर्ग साधारण २,६५० मीटर. निफाडला पारा ४-५ वर आला की आपल्याकडे पेपरात पहिल्या पानावर द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. गुलमर्गला जानेवारीत रात्री उणे ८-१० म्हणजे रोजचंच. त्यात वारा सुटला तर बोलायलाच नको: उणे १० तापमानात ताशी ३० किमी वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २० सारखं झोंबतं. डिसेंबरअखेर आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, गुलमर्गला साडेपाचच्या सुमाराला. डोंगराच्या कुशीतली हॉटेलं त्याआधीच सावलीत जातात.

आता वेळ. कोरड्या डांबरी रस्त्यावर किलोमीटरला १२-१५ मिनिटं लागतात. चेपलेल्या बर्फावर २० धरा, नडगीपर्यंतच्या ताज्या बर्फात अर्धा तास, चढ असला तर आणखी. म्हणजे जीन्स आणि स्वेटरवर "दहा मिनिटांत पोचू" म्हणून निघालेला माणूस अर्धा-पाऊण तास बाहेर राहतो.

सगळ्यात उपयोगी पडणारं काम फुकटचं आहे. रात्री ज्या वाटेने परतायचं ती वाट दिवसा एकदा चालून बघा. फाटा आला की मागे वळा आणि परतताना समोर जे दिसेल त्याचा फोटो काढा. जातानाचा फोटो रात्री कामाचा नाही, कारण येताना तीच जागा उलट्या बाजूने दिसते. रस्त्याला दिवे कुठपर्यंत आहेत, पूल कुठे, उघडी गटारं कुठे, पत्र्याची छपरं रस्त्यावर कुठे झुकलीत, कुठलं दुकान उशिरापर्यंत उघडं असतं, हे बघून ठेवा. रात्री बर्फ पडला की गटार आणि रस्ता एकाच पातळीला येतात.

द्राक्षबाग

छान धागा. सह्याद्रीत वापरतो ते ट्रेकिंगचे बूट चालतील ना? की तिकडे भाड्याने मिळणारे गमबूट घ्यावेत?

किल्लेवेडा

बूट चालतील, पण ते बर्फाच्या काचेवर धरतील अशा भरवशावर राहू नका. आपल्या बुटांचा तळवा कातळावर घट्ट बसतो, कारण कातळ खरबरीत असतो. गोठलेल्या बर्फात तळव्याला रुतायला काही नसतं आणि थंडीत रबर कडकही होतं. भाड्याचे गमबूट खोल बर्फात पाय कोरडे ठेवतात, पण तळवा झिजून गुळगुळीत झालेला असतो आणि आत ऊब नसते. ते दुपारी बर्फात खेळायला ठीक आहेत. रात्री चालायला नकोत.

लागतात ते मायक्रोस्पाइक्स. बुटावरून ओढून चढवायचं रबराचं कडं, खाली साखळ्या आणि साखळ्यांना सेंटिमीटरभर लांबीचे पोलादी दाते. जोडीचं वजन साडेतीनशे-चारशे ग्रॅम. तिकडचे दुकानदार यालाच "क्रॅम्पॉन" म्हणतात, गोंधळू नका. खरे क्रॅम्पॉन मोठ्या दात्यांचे, गिर्यारोहणाचे. गावच्या रस्त्यावर त्यांनीच घोटा मुरगळेल.

घेताना बूट सोबत न्या. रबर टाचेमागे नीट वर यायला हवं, पट्टी बोटांच्या पुढे सरकायला नको. घट्ट बसत नसतील तर चार पावलांत साखळी बाजूला फिरते आणि दाते आडवे होतात.

बिघडतं ते इथे. एक, लोक स्पाइक्स पिशवीत ठेवतात आणि पहिल्यांदा आपटल्यावर बाहेर काढतात. तोवर बोटं गारठलेली असतात, रबर ताणलं जात नाही. जेवणाच्या हॉटेलच्या दारातच बसून घाला. दोन, ते घालून टाइल्सच्या लॉबीत शिरतात. पोलाद आणि गुळगुळीत फरशी म्हणजे स्केटिंगच. तीन, ओलसर बर्फात साखळीखाली बर्फाचा लाडू जमतो आणि माणूस उंच टाचांच्या सँडलवर चालल्यासारखा डुगडुगतो. दर थोड्या वेळाने बूट दगडावर किंवा काठीने ठोका. चार, दातांऐवजी तारेच्या स्प्रिंग असलेले स्वस्त प्रकार सपाटीवर चालतात, उताराला आडवे घसरतात.

काहीच नसेल तर बुटावरून जाड लोकरी मोजा चढवा. दिसायला विनोदी, पण नुसत्या रबरापेक्षा पकड चांगली मिळते. मोजा ओला होऊन गोठेपर्यंतच.

काठी असेल तर टोकावरची रबरी टोपी काढा. ही टोपी डांबरासाठी असते, बर्फावर ती घसरते. आतलं पोलादी टोक लागतं.

पेठरोड

काठीच्या टोपीचं निम्म्या लोकांना माहीत नसतं, +१.

चालायच्या पद्धतीबद्दल थोडं. आपण मोठी ढांग टाकतो, टाच आधी टेकवतो. बर्फावर नेमकी तीच टाच निसटते. पाऊल छोटं, अख्खा तळवा एकदम सपाट, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या पायावर. बदक चालतं तसं. हात खिशात घालायचे नाहीत, म्हणून हातमोजे हवेतच. उतार असेल तर तोंड खाली करून उतरू नका, आडवे उभे राहून एकेक पाऊल खाली टाका. आणि बोलता बोलता मागे वळून बघू नका. मागचा काय म्हणतोय ते थांबून ऐका.

पडतोय असं वाटलं तर हात पुढे ताणू नका, मनगट जातं. खाली बसल्यासारखं करून कुशीवर, मांडीवर पडा. पाठीवरची सॅक अशा वेळी गादीचं काम करते. गळ्यातला कॅमेरा मात्र छातीत बसतो, तो सॅकमध्ये टाका.

दुगारवाडी

बर्फ कुठे काचेसारखा होतो हे कळलं तर अर्धी लढाई जिंकली.

दुपारी उन्हाने छपरावरचं, रस्त्याकडेचं बर्फ वितळतं. ते पाणी रस्त्यावरून वाहतं, चार-पाचला सावली आली की गोठायला लागतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्याची काच होते. हा थर पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. विजेरीच्या उजेडात पांढरं आणि पायाखाली करकर वाजणारं असेल तर पाय धरेल. काळं, चमकणारं, आवाज न करणारं असेल तर कडेच्या पांढऱ्यावर जा.

नेहमीच्या जागा: पुलावरचा रस्ता (खालून वारा जातो म्हणून आधी गोठतो), नळाखालची किंवा गळक्या पाइपजवळची जागा, ढाब्यासमोर भांडी धुतलेलं पाणी फेकतात ती जागा, टॅक्सींची चाकं जागेवर फिरून चकाकलेला चढ, इमारतीची कायमची सावली आणि जिन्याची सगळ्यात खालची पायरी. जुन्या मनालीला राहत असाल तर मनालसू नाल्यावरचा पूल आणि त्याला लागून येणारा चढ हे दोन्ही तुमच्या वाटेत आहेत. मॉल रोडवर कोरडं दिसलं म्हणून पुढेही कोरडं असेल असं धरू नका.

काचेवर बोटभर ताजा बर्फ पडला की सगळ्यात वाईट. दिसतं मऊ, पांढरं, आणि खाली घसरगुंडी. अशा रात्री दुसऱ्यांच्या पावलांचे ठसे बघा. ठसे ओढल्यासारखे लांबट असतील तर तिथे लोक घसरलेत.

हॉटेलवाले बुखारीतली (खोली गरम करायच्या धुराड्याच्या शेगडीतली) राख दारात टाकतात. ती घाण म्हणून टाळू नका, मुद्दाम तिच्यावरूनच चाला.

गोदातीर

एवढं घाबरवून सोडलं तर लोक खोलीतच बसतील राव. हजारो लोक दरवर्षी जाऊन येतात.

सातमाळा

खोलीत बसायला कोण सांगतंय? पांडवलेणीच्या पायऱ्या पावसाळ्यात चढताना आपण शेवाळ बघून पाय टाकतोच ना. ते लहानपणापासून अंगवळणी पडलंय, बर्फाचं पडलेलं नाही, एवढाच फरक.

किल्लेवेडा

छपरांचं राहिलं. गुलमर्ग-मनालीची छपरं उतरती, पत्र्याची. बर्फ साचत जातो, खालून बुखारीची ऊब लागते, पत्र्यालगत पाण्याची चादर तयार होते आणि अख्खा थर एकदम खाली येतो. आधी घर्रर्र असा घासल्याचा आवाज येतो, मग दीड-दोन सेकंदांत धप्प. जुना चेपलेला बर्फ घनमीटरला काही शे किलो भरतो, त्यामुळे हे कापसासारखं नसतं. भिंतीच्या आडोशाने, वारा चुकवत चालायची आपली सवय इथे नडते. पागोळीच्या रेषेपासून दोन-तीन मीटर लांब चाला. जमिनीवर भिंतीला समांतर बर्फाचा ढिगारा दिसला तर तिथे छप्पर रिकामं होतं हे समजा. फोन आला म्हणून पागोळीखाली थांबू नका. वर भाल्यासारख्या बर्फाच्या कांड्या लोंबत असतील तिथे तर नाहीच.

पेठरोड

आणि गाड्या. बर्फ बाजूला लोटून रस्त्याच्या दोन्ही कडांना छातीएवढ्या भिंती झालेल्या असतात. गाडी आली तर उडी मारायला जागा नसते. निसरड्या बर्फावर ब्रेक लागायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात तरी तो थांबू शकेलच असं नाही. म्हणून:

भारतात रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. एका रांगेत चाला. काळं जॅकेट असेल तर पोटरीला आणि मनगटाला चमकपट्टी बांधा. सायकलच्या दुकानात मिळते, वजन काहीच नाही. पोटरीची पट्टी हलत राहते म्हणून ड्रायव्हरला माणूस आहे हे लवकर कळतं. गाडीचा आवाज आला की भिंतीतली खाच, फाटक, दुकानाची पायरी गाठा आणि थांबा, गाडी जाऊ द्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभे राहू नका, घसरलेली गाडी तिकडेच येते. कानटोपीने दोन्ही कान गच्च बंद असतील तर आवाजच येत नाही. वळणाआधी एक कान उघडा.

द्राक्षबाग

विजेरी किती उजेडाची? मोबाइलच्या टॉर्चवर भागत नाही का?

दुगारवाडी

मोबाइलची टॉर्च म्हणजे एक हात अडकला, हातमोजा काढावा लागला आणि फोनची बॅटरी थंडीला उघडी पडली. तिन्ही चुका एका झटक्यात. कपाळावर बांधायची हेडलॅम्प घ्या. चालायला १०० ते २०० ल्युमेन भरपूर झाले. ४००-५०० वाल्याचा बर्फ पडत असताना उलट त्रास होतो, कारण सगळा उजेड पडणाऱ्या कणांवरून परत डोळ्यांत येतो, धुक्यात हाय-बीम मारल्यासारखा. भुरभूर सुरू झाली की लॅम्प कपाळावरून काढून कमरेच्या उंचीला धरा आणि उजेड कमी करा; जमिनीचे उंचसखल भाग सावलीमुळे स्पष्ट दिसायला लागतात.

साधे अल्कलाइन सेल उणे तापमानात लवकर मान टाकतात. लिथियमचे एकदाच वापरायचे सेल महाग पण थंडीला टिकतात. जादा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. मोठा बर्फ पडला की वीज जाते, रस्त्यावरचे दिवे जातात, त्यामुळे "रस्त्याला दिवे आहेत" हे कारण धरू नका.

सातमाळा

फोनचं माझ्याकडून. आयफोनसाठी कंपनी ० ते ३५ अंश वापराची मर्यादा सांगते, बाकीचेही त्याच घरातले. ४० टक्के दाखवणारा फोन गारठला की सरळ बंद पडतो; ऊब मिळाली की परत चालू होतो, पण हवा तेव्हा नाही. फोन जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नको, आतल्या खिशात, स्क्रीन अंगाकडे. गारठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची खराब होते. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. गटात किमान दोघांकडे पोस्टपेड हवं आणि ते दोघे एकाच टोळक्यात नकोत. नकाशा नाशिकमध्येच ऑफलाइन उतरवून घ्या, हॉटेलची खूण करून ठेवा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. हॉटेलचं कार्ड पाकिटात ठेवा. रिसेप्शनचा नंबर कागदावर हवा, फक्त फोनमध्ये नको. आपत्कालीन नंबर ११२. आपल्या फोनवर हा कॉल कुठल्या बटणाने पटकन लागतो ते निघण्याआधी घरी बघून ठेवा, हातमोज्यांत स्क्रीन चालत नाही.

निघताना गटावर "अमुक हॉटेलमधून निघालो, पाच जण, ९:४०" एवढा मेसेज. पोचल्यावर "पोचलो, पाचही". आकडा महत्त्वाचा. ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास जास्त झाला की कोण फोन करणार आणि उत्तर नाही आलं तर कोण रिसेप्शनला सांगणार, हे आधीच ठरवा. नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल.

डॉक्टरीणबाई

आता कडू गोळी. नाशिक म्हणजे वाईनचं गाव, त्यामुळे इथे दारूविरुद्ध लिहिलेलं फारसं रुचणार नाही, पण लिहिते.

दारूने ऊब येते हा भास आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फैलावतात, गरम रक्त कातडीपर्यंत येतं, चेहरा गरम लागतो आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते. आतलं तापमान घसरतं. दारूने कुडकुडणं मंदावतं, म्हणजे शरीराचा हीटरच धीमा होतो. रिकाम्या पोटी प्यायलं तर रक्तातली साखरही उतरते. आणि निर्णय चुकतात: "इथेच जरा बसू", "या शेतातून शॉर्टकट आहे".

शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया. आधी जोरात कुडकुडणं, बोटांनी चेन लावता न येणं, चिडचिड. मग अडखळणं, जीभ जड होणं, एकच वाक्य परत परत. मग कुडकुडणं थांबतं. लोकांना वाटतं आता बरं वाटतंय. खरं तर इथूनच धोका वाढतो. शेवटी काही जण गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात. प्यायलेल्या माणसाची जीभ दारूने जड झाली की थंडीने, हे रस्त्यावर उभं राहून ओळखता येत नाही. थंडीच आहे असं धरून वागा.

शुद्धीत असेल, कुडकुडत असेल: वाऱ्यातून आत न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, डोकं झाका, गोड गरम चहा किंवा दूध द्या, खायला द्या. गुंगीत असेल, कुडकुडणं थांबलं असेल: आडवंच ठेवा, उभं करून चालवू नका, हातपाय चोळू नका, गरम पाण्याच्या टबात टाकू नका, तोंडात काही घालू नका. खाली जाड काहीतरी अंथरा, अंगावर ब्लँकेटं, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या काखेत आणि छातीशी. ११२. हलवताना धक्का नको, गार पडलेलं हृदय धक्क्यानेही बिघडतं.

नाक, कान, बोटं पांढरट आणि बधिर झाली तर बर्फाने चोळू नका. हा जुना गैरसमज अजून चालू आहे. नुसतं वरवर असेल तर काखेतल्या, तळहाताच्या उबेने परत येतं. कडक, मेणासारखं झालं असेल तर हॉस्पिटल. ते खूप लांब असेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, आणि तेही परत गोठणार नाही अशी खात्री असेल तर. पाणी कोपराने तपासा, बधिर बोटांनी नाही. चालताना दर दहा मिनिटांनी एकमेकांच्या चेहऱ्यावर उजेड टाकून पांढरे डाग बघा, स्वतःचं नाक स्वतःला दिसत नाही.

मधुमेहींनी पायात हॉट पॅक थेट कातडीवर ठेवू नये, संवेदना कमी असतात, भाजल्याचं कळत नाही. मोज्यावरून लावा.

गोदातीर

डॉक्टरीणबाई, पटलं. एक विचारतो: कुणी जास्त प्यायला असेल आणि चालायला तयारच नसेल, तर?

डॉक्टरीणबाई

तर चालवायचं नाही. जिथे आहात तिथल्या मालकाला सांगा, तिथेच खोली घ्या, नाहीतर चाकांना साखळ्या लावलेली टॅक्सी बोलवा. खोलीचे पैसे त्याच्याकडून सकाळी वसूल करा. रस्त्यात बसलाच तर कुशीवर वळवा, बुडाखाली सॅक टाका, एक जण त्याच्याजवळ, दुसरा मदतीला. एकट्याला "आलोच" म्हणून सोडून जाणं, हीच ती चूक. दाराशी सोडूनही परत फिरू नका, दाराच्या आत गेलेला बघा. रात्री रिसेप्शन बंद असतं, बेल गोठलेली असते.

रानजाई

मी आणि मैत्रीण, दोघीच जाणार आहोत, स्की कोर्सनंतर तीन दिवस वेगळं हॉटेल. यात काय वेगळं बघू?

सातमाळा

ताई, कोर्सच्या वसतिगृहात वेळा ठरलेल्या असतात, तिथे प्रश्न नाही. नंतरच्या तीन दिवसांसाठी हॉटेल निवडताना देखावा दुय्यम ठेवा. जेवण तिथेच मिळतं का, मुख्य रस्त्यावरून दार दिसतं का, रात्री दार कोण उघडतं, हे फोनवर विचारा. सातच्या आत जेवणं आटोपली तर रस्त्यावर माणसं असतात. उशीर होणारच असेल तर हॉटेलचा माणूस घ्यायला येईल का ते दुपारीच ठरवा. बहुतेक ठिकाणी येतो, चहापाण्याचे पैसे आनंदाने द्या. जंगलातून जाणारी जवळची वाट, उदाहरणार्थ मनालीत हिडिंबा मंदिराभोवतालच्या देवदारांतून, अंधार पडल्यावर सोडून द्या. अनोळखी माणूस शॉर्टकट दाखवतोय तर "भाऊ मागून येतायत" म्हणून उजेडात थांबा.

शिट्टी प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली. धातूची ओठाला चिकटते आणि गोळी थुंकीने गोठते. डोंगरातला संकटाचा इशारा: मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांत, परत सहा. उत्तर तीन शिट्ट्यांनी येतं. विजेरीनेही हाच हिशोब.

चष्मा असेल तर तोंडावरचा मफलर नाकाखाली ठेवा, नाहीतर वाफ काचेवर गोठते.

रानजाई

धन्यवाद दादा. कुत्र्यांचं? आणि बिबट्या असतो म्हणतात.

किल्लेवेडा

नाशिककरांनी बिबट्याला घाबरावं म्हणजे कमाल झाली, उसात रोज भेटतो. तिकडेही तेच: पळायचं नाही, वाकायचं नाही, लहान मूल उचलून घ्या, मोठ्याने बोलत, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. एरवीही घोळक्याने बोलत चाललं की जनावर आधीच बाजूला होतं. कुत्रे खरे त्रासदायक, कारण रात्री टोळीने असतात आणि हॉटेलचं उरलेलं खाणं हातात असेल तर मागे लागतात. पार्सल सॅकच्या आत. काठी जमिनीवर आपटा, पाठ दाखवून धावू नका, बर्फावर धावलात तर पडणारच. कोल्ह्याला बिस्किट घालायला वाकू नका. चावलं, ओरबाडलं तर जखम साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी.

चामरलेणी

आम्ही युरोपात चाललोय, ऑस्ट्रियात. तिकडे रस्ते साफ असतात, मग एवढं लागेल?

दुगारवाडी

रस्ते साफ असतात म्हणूनच लोक बेसावध असतात. तिथला मोठा धोका वेगळा आहे: स्कीच्या उतारावरून चालत गावात उतरणं. दिवसाचं स्कीइंग बंद झाल्यावर त्या उतारावर बर्फ सपाट करणारी यंत्रं फिरतात. तीव्र उतारावर हे यंत्र वरच्या खांबाला पोलादी दोराने बांधलेलं असतं. दोर शेकडो मीटर लांब, बर्फात पुरलेला, आणि यंत्र वळलं की एका झटक्यात ताणून हवेत उठतो. अंधारात तो दिसतच नाही. वरच्या हॉटेलात जेवायचं तर रोपवेची शेवटची केबिन किती वाजता आहे ते आधी विचारा, आणि चालायचं झालं तर खुणा केलेल्या पायवाटेनेच.

फुकटची स्की बस संध्याकाळी लवकर बंद होते, रात्रीची वेगळी असेल तर तिची वेळ थांब्यावर लिहिलेली असते, फोटो काढून ठेवा. गाड्या तिकडे उजवीकडून चालतात, म्हणून तुम्ही डाव्या कडेने. ११२ युरोपभर चालतो. ऑस्ट्रियात डोंगरातल्या मदतीला १४०, स्वित्झर्लंडमध्ये रुग्णवाहिका १४४ आणि हवाई सुटकेला १४१४.

स्कीचे बूट घालून जेवायला जाऊ नका. तळवा प्लॅस्टिकचा, घोटा वाकत नाही, गोठलेल्या पायरीवर उभंही राहता येत नाही. साधे बूट सॅकमध्ये न्या किंवा आधी हॉटेलवर जाऊन बदला.

पेठरोड

रस्ता चुकलाच तर काय, हे कुणी लिहिलं नाही. बर्फ पडत असताना आपल्या पावलांचे ठसे काही मिनिटांत बुजतात. म्हणून "पुढे बघू" नको. शंका आली त्या क्षणी थांबा, मागे वळा, ठसे दिसताहेत तोवर शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. नाल्याच्या कडेने खाली उतरू नका, बर्फाखाली पाणी वाहतं आणि वरचा थर पोकळ असतो. मोठ्या देवदाराच्या बुंध्याशी आडोसा घ्यायला जाऊ नका, ताज्या बर्फात बुंध्याभोवती खड्डा असतो आणि वरून फांद्यांनी झाकलेला.

परतणं जमत नसेल तर वाऱ्याच्या आड, सॅकवर बसा. थेट बर्फावर बसलात की ऊब खालून निघून जाते. गुडघे छातीशी, टोपी, सगळे चिकटून. चंदेरी ब्लँकेट पन्नास-साठ ग्रॅमचं असतं, जॅकेटच्या खाली गुंडाळा, वरून गुंडाळलं तर वाऱ्याने फाटतं. ११२ ला फोन करून जागा सांगा आणि मग हलू नका.

द्राक्षबाग

कपड्यांचं एका ओळीत सांगा कुणीतरी, खरेदीला निघालोय.

किल्लेवेडा

सुती काही नको: ना बनियन, ना जीन्स, ना मोजे. ओलं सुती कापड अंगाची उष्णता खेचून घेतं. अंगालगत लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल, वर फ्लीस, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये टोप्या, मोजे, फ्लीस स्वस्तात मिळतील, फक्त बाहेरचं जॅकेट घेताना शिवणी आतून पट्टीने बंद आहेत का ते उलटून बघा. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा थैलीसारखे गरम. बूट दोन मोज्यांवर घट्ट होत असतील तर एकच मोजा घाला, दाबल्या गेलेल्या पायात रक्त फिरत नाही.

डॉक्टरीणबाई

एक राहिलं, खोलीत पोचल्यानंतरचं. गारठून आल्यावर लोक कोळशाची शेगडी किंवा कांगडी (निखाऱ्यांचं काश्मिरी मडकं) खोलीत घेतात, दारं-खिडक्या गच्च बंद करतात आणि झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी: वाटतं उंचीमुळे किंवा रात्रीच्या दारूमुळे. एकाच खोलीतल्या दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं तर आधी दार उघडा, बाहेर या, मग बाकीचा विचार. झोपताना कोळसा खोलीबाहेर. बुखारी असेल तर तिचं धुराडं छपराबाहेर जातं ना आणि बर्फाने बुजलेलं नाही ना, ते हॉटेलवाल्याला संध्याकाळी बघायला लावा. न्हाणीघरातला गॅस गिझरही खिडकी बंद करून चालवू नका. कार्बन मोनॉक्साइड साचला की वाजणारा, बॅटरीवर चालणारा गजर मिळतो, तळहाताएवढा, सॅकच्या कप्प्यात बसतो.

द्राक्षबाग

हा गजर यादीत लिहिला. मायक्रोस्पाइक्स नऊ नंबरच्या बुटाला मीडियम की लार्ज?

किल्लेवेडा

नंबरावर जाऊ नका, बूट घेऊन दुकानात जा. उंच बूट असेल तर बहुतेक लार्ज लागेल.